मागीलदारचं पान

सातव्या बैठकीत मॅडमनी सगळ्यांना जागा बदलायला सांगितल्या आणि विमलाच्या जागेवर तिचा मुलगा नितेश जाऊन बसला. तसं त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मॅडम दर बुधवारी दुपारी अशी काही ना काही नवी टूम घेऊन येत. एकदा रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे आणले होते, एकदा सगळ्यांना आपापलं घर कागदावर काढायला लावलं होतं आणि विमलाच्या नवऱ्याने, गुणाजीने, घर सोडून होडी काढून ठेवली होती. आज जागा बदलायच्या. ज्याच्या जागेवर बसायचं त्याच्या तोंडाने बोलायचं. धाकटी आरोही, वय वर्षं दहा, बापाच्या खुर्चीत पाय पसरून बसली आणि जाड आवाज काढून "आज वारो बरो नाय" म्हणाली, तेव्हा मॅडमसुद्धा हसल्या. मग नितेशची पाळी आली. पडवीच्या ज्या खांबाला विमला नेहमी टेकून बसे त्याच खांबाला तो टेकला, तिच्यासारखाच उजवा गुडघा वर घेऊन. मॅडम म्हणाल्या, "आता तू आई आहेस. नितेशला काहीतरी सांगायचंय तुला. काय सांगशील?" त्याने दारापुढच्या अंगणातल्या, खळ्यातल्या उन्हाकडे बघितलं. मग अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने म्हणाला, "झिला, परत येव नको हां. हय आमी बरी आसंव."

विमला त्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. खुर्चीचे दांडे तिने घट्ट धरले. शब्द तिचेच होते. इकडचा तिकडे झालेला नव्हता, मुलाला मारायची ती 'झिला' हाक आणि तो 'हां'सुद्धा जिथल्या तिथे होता. आणि हे शब्द तिने कुणापाशी उच्चारले नव्हते. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, देवापाशी तर नाहीच. पाच महिन्यांपूर्वी, कार्तिकातल्या एका दुपारी, ते तिच्या मनात आले होते आणि मनातच राहिले होते, निदान ती तसं समजून चालली होती. मॅडम आपल्या वहीत भराभर काहीतरी लिहीत होत्या. गुणाजी पायाच्या अंगठ्याने शेणाने सारवलेली जमीन उकरत होता. मॅडमनी वर न बघता विचारलं, "आणि विमलाताई, तुम्ही आता नितेश. आई असं म्हणाली. तुम्ही काय उत्तर द्याल?" पोटात कळ आली असं सांगून विमला उठली, स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपुढे नुसती उभी राहिली. बाहेर मॅडम म्हणत होत्या की असू दे, पुढच्या बुधवारी शेवटची बैठक आहे, त्या वेळी इथूनच सुरू करू.

आठ बैठका सरकारच्या खर्चाने होत्या. ज्या घरातलं अठराच्या आतलं पोर गुन्ह्यात सापडलं, त्या घराने एकत्र बसून बोलायचं. पोराला एकट्याला शहाणं करून भागत नाही, घरालाच शहाणं करावं लागतं, असं कुणीतरी वरती ठरवलं होतं. बाल न्याय मंडळाने नितेशला सहा महिने निरीक्षणगृहात ठेवायच्या ऐवजी महिन्याभरानेच आईबापाच्या ताब्यात दिलं होतं, पण या बैठकांच्या अटीवर. आठवी बैठक झाली की मॅडमनी अहवाल द्यायचा: मुलगा घरी राहावा की नाही. मॅडमचं नाव अक्षया, माहेर कोल्हापूर, वय सव्वीस असेल नसेल. ओरोसहून एस्टीने यायच्या, कट्ट्याला गाडी बदलायच्या, घामाघूम होऊन पोचायच्या आणि विमलाने दिलेलं कोकमाचं सरबत एका दमात पिऊन म्हणायच्या, "बोलूया?" बाई चांगली होती. नितेशला ती अहो-जाहो करत नसे की अरेतुरेत दरडावत नसे. इतर कुणाशीही बोलावं तसं बोले, आणि साऱ्या वाडीत तसं बोलणारी ती एकटीच होती. पण तिला एक गोष्ट माहीत नव्हती. तिच्या फाईलमध्ये घराच्या माणसांची नावं होती, शिक्षण होतं, आजार होते, व्यसन होतं. या मुलाचं बारावं-तेरावं झालेलं आहे, असं लिहायला तिच्या फॉर्मवर जागाच नव्हती. आणि घरातल्या कुणी ते आपणहून सांगितलंही नव्हतं.

ते कसं झालं, हे आठवायला लागलं की विमलाला आधी ती बंद घरं आठवत. वाडीच्या वरच्या अंगाला सड्यावर, कातळाच्या माळावर, मुंबईकरांची पाचसहा घरं होती. गणपतीला आणि मे महिन्यात उघडायची, बाकी वर्षभर कुलूप. नितेश चौदाव्या वर्षापासून त्या घरांत शिरायला लागला. आधी सगळ्यांना वाटलं पितळी समया, तांब्याचे हंडे यांच्यासाठी, तेही गेलेच. पण एका घरात तो सापडला तेव्हा पलंगावर पांघरूण घेऊन झोपला होता, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ त्याने चालू केलं होतं आणि टेबलावर दोन कप मांडून ठेवले होते. विमला त्याला आणायला गेली होती. त्या कपांकडे बघून तिच्या अंगावर काटा आला, चोरी केली असती तर इतका आला नसता. घरी येईना म्हणून तिने हात धरला, तर त्याने तो असा पिरगाळला की पुढे महिनाभर तिला माशाची पाटी डोक्यावर चढवता येईना. नंतर हे वरचेवर व्हायला लागलं. तो घरात असला की आरोही शेजारी जाऊन बसायची. गुणाजी समुद्रावर जास्त दिवस काढायला लागला. घरात उरायची विमला, आणि तो. सोळा वर्षांचा, आईच्या डोक्याच्या वर वाढलेला, आणि शांत. आरडाओरडा करणारं पोर परवडलं, असं ती बहिणीला म्हणाली होती. हा बोलत नाही, बघत बसतो.

त्या ऑक्टोबरात म्हातारा दत्ताराम, जो त्या घरांच्या किल्ल्या सांभाळायचा, अवेळी एक घर उघडायला गेला आणि आत नितेश. धक्का दिला की म्हातारा घाबरून मागे सरला, कोण जाणे. पायऱ्यांवरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. नितेश पळाला तो खाली किनाऱ्यावर, कुणाची तरी छोटी होडी ढकलून निघाला. दुसऱ्या दिवशी ती होडी खडकांपाशी पालथी सापडली. वल्हं एकीकडे, नितेशची एक चप्पल एकीकडे. पोलीस आले, माणसं पाण्यात उतरली, चार दिवस गुणाजी आणि त्याचे सोबती जाळी टाकून शोधत होते. काही मिळालं नाही. वाडीत कुजबुज सुरू झाली: असं पाण्यात राहिलेलं माणूस ठेवून द्यायचं नसतं, त्याचं वेळीच करून टाकावं, नाहीतर होड्यांना त्रास होतो. सातव्या दिवशी गुणाजी देवळात कौल लावायला गेला. घाडी, म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस, त्याने देवाच्या अंगावर ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, जिवंत आसा तर उजवी दी. डावी पडली. पुन्हा लावली, पुन्हा डावी. मग दर्भाचा पुतळा केला, बुडालेल्याचा करतात तसा. त्याच्या डोक्याच्या जागी नारळ लागतो. तो नारळ विमलाने निवडला. मांगरातल्या, मागच्या खोपीतल्या ढिगातले एकेक कानाशी धरून हलवत होती, पाणी वाजतं का बघत होती, बाजारात निवडते तसा. पुतळ्यावर नितेशचा निळा शर्ट घातला, बटणं तिने लावली. गुणाजीने दाढीमिशी उतरवून, अग्नी देऊन, अंघोळ करून घरी आल्यावर इतकंच म्हटलं की नारळ फुटायला फार वेळ लागला.

आणि त्या रात्री विमला झोपली. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितलेली नाही आणि सांगणारही नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा ती सलग झोपली. सकाळी जागी झाली तेव्हा आरोही तिच्या कुशीत होती, शेजारच्या घरी नव्हती. चुलीचा धूर, पेजेचा वास, बाहेर कोंबड्या. आणि आपल्या छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणी उचलून नेलंय असं तिला जाणवलं. रडू यायला हवं होतं. आलं नाही असं नाही, आलं, लोक आले की येत होतं. लोक गेले की थांबत होतं. आपण कसली आई, असं तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर येण्याआधी पेज ढवळायला घेतली. पुढे दिवस घातले. शेवटी मागीलदारी, विहिरीच्या वाटेवरच्या फणसाखाली, केळीच्या पानावर भात, आमटी, वडे, खीर वाढून ठेवली, त्याला आवडायची ती कोलंबी तेवढी नाही, कारण ती चालत नाही. पान ठेवायचं, आत यायचं, मागे वळून बघायचं नाही. कावळा शिवला की पान पावलं. कावळा येईना. गुणाजीने दारातूनच हात जोडून सांगितलं, आरोहीची काळजी करू नको, शिकवू तिला. येईना. कुणीतरी म्हणालं, दत्तारामाची माफी मागा. मागितली. एक वाजून गेला, भाताला ऊन लागून वरचा पापुद्रा वाळला. सगळे पडवीत जाऊन बसले आणि विमला एकटी मागच्या दाराशी, पाठ करून उभी राहिली. तेव्हा ते शब्द आले. झिला, परत येव नको हां. हय आमी बरी आसंव. थोड्या वेळाने तिने वळून बघितलं तर पान विस्कटलेलं होतं, भाताचा ढीग मोडलेला, वडे नाहीसे झालेले. कावळा तिला दिसला नाही. पण शिवला होता. ती आत येऊन म्हणाली, "पावला," आणि सगळे जेवायला बसले.

पाच आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून निरोप आला की गुणाजीचा मुलगा गोव्याच्या हद्दीपाशी, दोडामार्गच्या बाजूला, एका काजूच्या कारखान्यात काम करताना सापडला आहे. गुणाजी निरोप आणणाऱ्या हवालदाराला म्हणाला, "साहेब, तो वारलाय." हवालदार म्हणाला, "मग येऊन ओळख पटवा, सही करा." त्यानंतर निरीक्षणगृह, मंडळ, तारखा, आणि जानेवारीत तो घरी आला. वाळला होता, उंच दिसत होता, आणि आता तो शांतपणा घरातून साऱ्या वाडीत पसरला. दुकानदार त्याच्या हातात वस्तू देताना दुसरीकडे बघे. होडीवर त्याला कुणी घेईना. एक आरोही तेवढी पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तू मेल्लंस तेव्हा माका शाळेत सगळ्यांनी चॉकलेटां दिली." तो हसला. विमलाला ते हसणं ओळखीचं वाटलं, पण ओळख कुठली ते लागेना. भटजींनी सांगितलं, चुकून दिवस घातलेल्या माणसाला पुन्हा जन्माला आल्यासारखं करून घ्यावं लागतं, बारशासकट; त्याचा विधी असतो. गुणाजीने घाडीला विचारलं तर घाडी वेगळंच म्हणाला. देवान चुकीचा काय सांगूक नाय, गुणाजी. तुझो झिल गेलोच होतो. परत इलो तो कोण, ता तुमी देवाक विचारूकच नाय. गुणाजीने हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे म्हणाला, "आधी सरकारच्या बैठकी होवंदेत. मगे देवाचा बघूया." तेव्हापासून तो मुलाशी बोलत नव्हता. मॅडमनी विचारलं तर मॅडमकडे बघून उत्तर द्यायचा: तो बरो आसा, तो जेवता.

पण तो कुठे जेवत होता? हे विमलाच जाणत होती. तो पानावर बसे, भात कालवे, चार घास तोंडात घाली आणि उरलेलं तसंच ठेवून उठे. कोलंबीसुद्धा. उपाशी माणसाची तरी नजर जेवणावर असते, याची नसे. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की तो मागच्या दाराशी, फणसाच्या बाजूला तोंड करून बसायचा. तिथे काही नव्हतं. सुकलेली पानं होती आणि विहिरीकडे जाणारी वाट. विमला मासे विकून कट्ट्याहून परत यायची तेव्हा तिला आधी त्याची पाठ दिसायची. ती पाठ तिने लहानपणापासून चोळली होती, खांद्यावरचा भाजल्याचा डाग तिच्याच हातून, गरम पाण्याच्या तपेलीने झालेला. डाग होता. जागच्या जागी होता. म्हणजे तोच होता. मग ती घरात शिरताना पाटीचा आवाज का करायची, पायरी वाजवत का यायची, आपल्याच मुलाला आपण आल्याचं कळवल्याशिवाय त्याच्या पाठीमागून जायची हिंमत का होत नव्हती, ते तिचं तिला सांगता येत नव्हतं.

सातव्या बैठकीनंतरचे सात दिवस असे गेले की ती जणू दुसऱ्याच कुणाच्या अंगात राहत होती. कट्ट्याच्या बाजारात गिऱ्हाईक बांगडे उलटेपालटे करून कल्ले बघत होतं आणि ही गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत विचार करत होती की मनातलं बोलणं ऐकू येतं ते कुणाला? माणसाला येत नाही. गेलेल्याला येतं. म्हणूनच तर पानापुढे उभं राहून मनात बोलतात, मोठ्याने बोलायची गरज नसते. शेजारी बसणारी आनंदी, तिच्यासारखीच मासे विकणारी, म्हणाली, "गो विमला, सुटे दी त्येका, खंय बघतंस?" तिने सुटे दिले ते चुकीचे दिले. एस्टीत बसल्यावर तिला वाटलं, आज घरी गेल्यावर त्या जागी तो नसला तर? आणि मनाने लगेच, तिला न विचारता, हुश्श केलं. तिने खिडकीचा गज पकडला. म्हणजे अजूनही. मुलगा जिवंत परत आला, उभा-आडवा समोर आहे, आणि आईचं मन अजून त्याच दाराशी पाठ करून उभं आहे. भुताची भीती एक वेळ कळते. ही भीती भुताची होती की स्वतःची, याचा तिला थांग लागेना, आणि बुधवार तर जवळ येत चालला होता. मॅडमच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ होती, मॅडमनी ती पहिल्याच दिवशी वाचून दाखवली होती: पालकांच्या मते मुलाने घरी राहावे का. हो, नाही. गुणाजीने तेव्हाच सांगून टाकलं होतं, ता तिका विचारा.

सोमवारी तिने धीर करून त्याला गाठलं. तो मागच्या दाराशीच होता. ती लांबून, विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहून म्हणाली, "नितेश, त्या दिवशी तू म्हणालंस ता तुका कोणी सांगल्यान?" तो आल्यापासून तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती हे तिला तेव्हाच कळलं. तो म्हणाला, "कोणी नाय." "मगे?" "तूच." एवढं बोलून तो तिच्याकडे बघत राहिला. दुपारचं ऊन पानांतून त्याच्या तोंडावर पडलं होतं, डोळे नीट दिसत नव्हते. तिने दोरी सोडली, बादली विहिरीत आपटली, तो आवाज वर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला असं तिला वाटलं. पाणी न काढताच ती घरात आली. चुलीशी बसून तिने आरोहीला जवळ ओढलं तर आरोही म्हणाली, "आये, पाणी खंय?"

बुधवारी मॅडम आल्या. सरबत प्यायल्या. फाईल उघडली. आज कुणाच्या जागा बदलायच्या नव्हत्या, ज्याने त्याने आपापल्या जागी बसायचं होतं. गुणाजी खुर्चीत, आरोही उंबऱ्यावर, विमला खांबाला टेकून आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत नितेश. मॅडम म्हणाल्या, "विमलाताई, मागच्या वेळी नितेश तुमच्या जागेवरून एक वाक्य बोलला. मुलांना कधी कधी वाटतं की आईला आपण नको आहोत. ते खरं असतंच असं नाही. तुम्ही त्याला आज तुमच्या तोंडाने सांगा, खरं काय ते." किती सोपं होतं. नाय रे बाबा, मी असा कधी म्हणान, एवढं म्हटलं की झालं असतं. मॅडमनी वाट करून ठेवली होती, पाय टाकायचाच अवकाश. विमलाने वर बघितलं. नितेश तिच्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच तिला त्याच्या नजरेत काहीतरी दिसलं. तो घाबरला होता. तो आपल्याला भितो, हे तिच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "खरा आसा ता. मी म्हटलंय तसा."

मॅडमचं पेन थांबलं. गुणाजीने मान वर केली. विमला बोलत सुटली, मॅडमकडे बघून, मग जमिनीकडे बघून. हेची सगळी क्रिया केली आमी मॅडम, तुमका सांगूक नाय. पुतळो जाळलो. पान ठेवला मागीलदारी. कावळो शिवा नाय. सगळे थकले. मगे मी मनात म्हटलंय, परत येव नको. आणि लगेच शिवलो. "मनात म्हटलंय," ती पुन्हा म्हणाली, "तोंडातून एक शब्द काढूक नाय. ह्येका कसा कळला, सांगा. ह्यो कोण आसा, ताच माका समजणा नाय." उंबऱ्यावर आरोहीने दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

"मनात नाय," नितेश म्हणाला. "मोठ्यान म्हटलंस. मी ऐकलंय."

तो खालच्या आवाजात, एका सुरात सांगत गेला. होडी लाटेने उलटली, तो पोहून बाहेर आला आणि पोलिसांच्या भीतीने सड्यावर गेला. बंद घरांपैकी सगळ्यात वरच्या घरात तो लपला होता, सगळे दिवस. माळ्याच्या झरोक्यातून किनारा दिसायचा. माणसं पाण्यात उतरताना दिसली. मग एके दिवशी धूर दिसला, आणि धुराजवळ बाबा दिसले, डोकं वाकवून उभे. कुणाचं आहे ते त्याला कळलं नाही. त्या घरात सापडलेले जुने पोहे आणि गूळ त्याने पुरवून पुरवून खाल्ले, तेही शेवटी संपले. मिठाच्या बरणीत पाणी झालेलं होतं. तीन दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं, म्हणून तो दुपारी झाडीतून खाली आला, मागच्या वाटेने, आईला हाक मारायची म्हणून. फणसामागे उभा राहिला. समोर पान वाढलेलं होतं. दाराशी आई पाठमोरी उभी होती. "आणि तू म्हटलंस," तो म्हणाला, "तेव्हा माका समाजला, पान कोणाचा ता." त्याने मागच्या दाराकडे बघितलं. "कावळो नाय शिवाक, आये. मी जेवलंय."

गुणाजीच्या तोंडातून एक आवाज निघाला, शब्द नव्हे. मॅडम कोल्हापूरच्या असल्या तरी पान म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागणार नव्हतं; त्यांनी वही हळूच मिटली. नितेश म्हणाला, "दोनय हातांनी जेवलंय. बरा लागला. त्या दिसापासून माका भूक लागणा नाय." आणि विमलाला तो दिसला, तसा, फणसाखाली ओणवा झालेला, आपलंच पान ओरपत असलेला, आणि तीनच हातांवर पाठ करून उभी असलेली ती, जिने मागे वळून बघायचं नाही म्हणून बघितलं नाही. बघितलं असतं तर? घाडी म्हणाला होता, परत इलो तो कोण. जिवंतपणी ज्याने आपलं पान खाल्लं तो कोण असतो, हे देवाला विचारलं तरी देव काय सांगणार होता? तिच्या अंगावर शहारा आला तो गेला नाही, तसाच बसला. पण त्याच वेळी, त्या शहाऱ्याच्या आतच, तीन दिवस उपाशी, तीन दिवस, असं ती मनाशी घोकत होती. दोन्ही एकदम होत होतं आणि एकाने दुसरं जात नव्हतं.

"तेव्हा हाक मारलंय असती," नितेशने विचारलं, "तर घरात घेतलं असतंस माका?"

मॅडम पुढे झुकल्या, काहीतरी म्हणणार होत्या, बहुधा हे उत्तर आजच द्यायला हवं असं नाही, असं काहीतरी. विमलाने त्यांना हाताने थांबवलं. या पोराशी आजवर ती कधी खरं बोललीच नव्हती. धमकावलं होतं, समजावलं होतं, देवाच्या शपथा घातल्या होत्या, लोकांपुढे पांघरूण घातलं होतं. "नाय," ती म्हणाली. "त्या दिवशी नाय घेतलं असतंय."

त्याने मान हलवली. रडला नाही, उठला नाही. खुर्चीच्या दांड्यावर आवळलेली त्याची बोटं मात्र एकेक करून सैल झाली. मग म्हणाला, "बरा केलंस सांगलंस ता." खळ्यात कोंबडी माती उकरत होती. गुणाजी उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, हात त्याच्या खांद्याच्या वर नेला आणि तसाच अधांतरी ठेवला, टेकवला नाही, काढूनही घेतला नाही. मॅडमनी फाईलमधून फॉर्म काढला. त्यांचा आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता. "विमलाताई, ही शेवटची ओळ. मी तुमच्यावर कसलीच जबरदस्ती करणार नाही. तुम्हाला वेळ हवा असेल तर मंडळाला कळवता येईल. त्याला पुन्हा तिकडे ठेवायचं झालं तर तेही, म्हणजे, त्यात तुमचा काही दोष नाही."

"लिवा," विमला म्हणाली. "माका ह्येचा भय वाटता. कालय वाटत होता, आजय वाटता, उद्या जायत असा नाय. ता लिवा पयला. आणि ह्यो आता खंय जावचो नाय, हयसर ऱ्हवतलो, ताय लिवा."

"दोन्ही कसं लिहू? इथे एकच खूण करता येते. हो किंवा नाही."

विमलाने त्या दोन चौकोनांकडे बघितलं. "मगे ऱ्हवतलो, ह्याच्यावर करा," ती म्हणाली. "भय माझ्याकडेन ऱ्हवांदे."

मॅडमनी खूण केली, तारीख घातली आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला. चौथीपर्यंत शिकलेल्या विमलाला सही करायला वेळ लागे, एकेक अक्षर ती सावकाश काढी. वाऱ्याने कागद उडायला लागला. नितेश खुर्चीतून खाली उतरला, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि कागद हलू नये म्हणून त्याने कडेवर आपलं बोट टेकवलं, नेमकं तिच्या हाताला लागून. ते थंडगार होतं, भर दुपारी. तिचा हात मागे यायला झाला. तो तिने तिथेच ठेवला आणि सही पूर्ण केली.